मुठ्याची मावशी

पोरगं जन्मलं तेच दोन्ही अंगठे तळहातात दुमडून. मावशीनं पाहिलं आणि शिक्का मारून टाकला, "हा आजोबांवर गेलाय. एक दमडी सुटायची नाही याच्या हातून." तेव्हापासून तो मुठ्या.

सगळे हसले. पोराची आई, मावशीची थोरली बहीण, तीही हसली, पण रोज आंघोळ झाली की ती ते अंगठे हळूच उलगडून बघायची. सोडले की पुन्हा आत. पुढे डोकं वाढायला लागलं, आत साठणारं पाणी उतरवायला नळी बसवावी लागली, आणि आठवा महिना सरला तरी पोरगं मान धरेना, तेव्हा घरातलं हसू आटलं.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला कॉम्प्युटरवर एक फिल्म दाखवली. मज्जातंतूचा बारीकसा धागा, त्याच्या टोकाला पंजासारखं काहीतरी, चाचपत चाचपत पुढं निघालेलं.

"अंधारात जिना चढताना आपण कठडा धरतो ना, तसं," बाई म्हणाल्या. "धाग्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते शेजारच्या पेशीला धरतं, पुढं सरकतं, मागचं सोडतं. असे कोट्यवधी धागे एकमेकांच्या आधारानं मेंदूच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, पाठीच्या कण्यात उतरतात. याचं ते प्रथिनच नीट घडलं नाही. धागे निघाले, पण त्यांना धरता आलं नाही."

"औषधानं धरतील का आता?"

"नाही हो. हे रस्ते पोटातच आखले जातात."

मग बाईंनी विचारलं, माहेरी एखादा मुलगा तान्हेपणी गेला होता का. गेला होता. थोरलीच्या आधीचा. त्याचंही डोकं मोठं होतं म्हणे, आणि आई अजून म्हणते, माझंच काहीतरी चुकलं असेल.

"चूक कुणाचीच नाही. हे बायकांकडून येतं आणि भोगावं लागतं मुलग्यांना. आईकडून तुमच्याकडे आलं. तुम्हाला बहीण आहे?"

बहीण होती. तिला चौथा महिना लागला होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी धाकटी आली. चपला काढता काढताच तिचं सुरू झालं, "काय गं, चहा टाकलायस की नुसतीच तोंड पाडून बसलीयस? मुठ्या, तुझी आई सासूसारखी दिसायला लागली बघ."

थोरलीनं आढेवेढे घेतले नाहीत. बाईंनी सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. धाकटी ऐकत राहिली. चहा निवून त्यावर साय धरली.

"म्हणजे माझ्यातही असेल."

"असेल किंवा नसेल. छापा-काटा आहे. उद्याच रक्त देऊन ये."

"आणि असलं, आणि पोटात मुलगा असला तर?"

"तरी त्याला होईलच असं नाही. त्याचीही तपासणी करता येते आता."

धाकटीनं पदराला पीळ घातला, सोडला. "ताई, एक विचारू? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुला चौथ्या महिन्यात कळलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मुठ्या थोरलीच्या मांडीवर होता. मावशीच्या आवाजाकडे डोळे लावून ओठांतून बुडबुडे काढत होता. बोलणं कळण्याचं त्याचं वय नव्हतं, आणि ते वय कधी येईल हे बाईंनाही सांगता आलं नव्हतं.

थोरली उठली. त्याला आतल्या खोलीत नेऊन पाळण्यात ठेवलं, नळीवर दाब येऊ नये म्हणून डोकं दुसऱ्या कुशीला वळवलं, पांघरूण घातलं. बाहेर येऊन दार ओढून घेतलं. लागलं की नाही, ते पुन्हा एकदा ढकलून पाहिलं.

मग ती धाकटीला खेटून बसली आणि अगदी हळू म्हणाली,

"नसता होऊ दिला गं."