सकाळची दृश्यता

दादा मला चिमणी म्हणायचा. मी पाच वर्षांची असताना त्यानं ठेवलेलं हे नाव माझे केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. म्हणून त्याच्या नोंदवहीत 'टाकी दिसते, चिमणी दिसत नाही' असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आवरेना.

"दात काय काढतेस? कामाचं आहे ते," तो म्हणाला.

दादा हवामान खात्यात निरीक्षक होता. हवेतून किती लांबचं दिसतं हे मोजायला तेव्हा आमच्याकडे यंत्र नव्हतं, माणूसच उभा करायचे. नदीकाठच्या माळावर लाकडी मचाण बांधलं होतं. त्यावर चढून दादा ठरलेल्या तीन खुणा बघायचा. अर्ध्या किलोमीटरवर पाण्याची टाकी, दोन किलोमीटरवर गिरणीची विटांची चिमणी आणि पाच किलोमीटरवर टेकडी. टाकी दिसली पण चिमणी दिसली नाही, तर धुकं दाट, विमान उतरवायचं नाही. टेकडीपर्यंत सगळं दिसलं की उत्तम. सकाळी सात ते दुपारी बारा, दर तासाला एक नोंद, असं त्यानं पूर्ण वर्षभर केलं. थंडीत घरी यायचा तेव्हा भुवयांवर पाणी साचलेलं असायचं.

त्या माळावर हवाई दलाचा तळ करायचा की नाही, हे या नोंदींवर ठरणार होतं. निदान दादा तसं समजत होता.

दुसरी जागा पठारावर होती. तिथं धुकं औषधालाही नव्हतं. पण पठारावर मंत्र्यांच्या पक्षाचं डिपॉझिट जप्त झालं होतं, आणि माळ मंत्र्यांच्या मतदारसंघात होता. आमच्या ऑफिसातला शिपाई म्हणायचा, "पठारावर विमान उतरायचं असेल तर आधी त्याला पक्षात यावं लागेल."

आमचं ऑफिस म्हणजे जागा निवडणाऱ्या समितीचं. दोन खोल्या, चार कपाटं, आणि खिडकीशी माझं टाइपरायटर. दादाच्या हस्ताक्षरातल्या ताशी नोंदी मी टाइप करायचे. माझ्या मशीनचा 'च' बिघडलेला होता, ओळीतून थोडा वर उडायचा. दादा कागद हातात घेऊन म्हणायचा, "चिमणे, तुझी चिमणी उडाली बघ." मला ते दिवस फार आवडायचे. कार्बनपेपरचा वास, बोटांना लागलेली निळाई, आणि दुपारी मचाणावरून उतरून थेट माझ्या टेबलाशी येऊन माझा डबा संपवणारा दादा.

मी हंगामी होते, चार वर्षं. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा आणि तो येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसायचे.

वर्ष संपलं आणि ताशी नोंदींवरून बारा महिन्यांचा गोषवारा करायची वेळ आली. त्या आठवड्यात मंत्र्यांचे खाजगी सचिव ऑफिसात आले. आवाज कधी चढवायचे नाहीत म्हणून सगळे त्यांना मऊसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. ते माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"बाई, या रकान्यावर काय लिहिलंय?"

"सकाळची दृश्यता, साहेब."

"आणि तुम्ही भरताय काय?"

"सातची नोंद."

"सात म्हणजे सकाळ?"

"मग काय, साहेब?"

"दूधवाल्याची सकाळ ती. सरकारची कधी होते? तुम्ही ऑफिसला किती वाजता येता?"

"दहाला."

"बघा, तुम्हीच सांगितलंत."

दहाला धुकं उठलेलं असायचं. सातला वर्षातले दीडशे दिवस चिमणी दिसत नव्हती. दहाला न दिसलेले दिवस फक्त अकरा.

"खोटा आकडा मी कुणाला टाइप करायला सांगणार नाही," मऊसाहेब उठता उठता म्हणाले. "तुमच्या दादाच्याच वहीतला घ्या, फक्त दहाचा. आणि हो, तुम्हाला कायम करायची फाईल आलीय माझ्याकडे. सही राहिलीय. आठवण करा मला."

मी टाइप केलं. एकही आकडा खोटा नव्हता, हे मी त्या दिवशी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते पाठ झालं. ताशी नोंदींचे मूळ कागद, दादाच्या त्या वर्षाच्या वहीसकट, मऊसाहेब घेऊन गेले. कार्बन प्रत त्यांनी मागितली नाही. ती मी पिशवीत घालून घरी आणली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. का ठेवली, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता येतं. उद्या प्रकरण माझ्यावर शेकलं तर दाखवायला काहीतरी हवं होतं. दादासाठी ठेवली नव्हती.

गोषवाऱ्यावर सही निरीक्षकाची लागायची. दादा दाढी करत होता. एका गालाला साबण तसाच.

"सगळं वाचायचं का?"

"वाच की."

"तू टाइप केलंस ना? मग झालं."

बारा पानं, बारा सह्या. शेवटच्या पानावर साबणाचा एक थेंब पडला, तो त्यानं मनगटानं पुसला. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. दादानं मला मनगटी घड्याळ घेतलं.

तळ उभा राहायला दोन वर्षं लागली. धावपट्टी आखताना पक्षाच्या खजिनदाराची फळबाग मध्ये आली. बाग हलणार नव्हती म्हणून धावपट्टी हलली, आणि तिचं तोंड नेमकं गिरणीच्या चिमणीकडे झालं. चिमणी पाडा, असं हवाई दलानं दोनदा लिहिलं. गिरणी मंत्र्यांच्या व्याह्यांची होती. चिमणीच्या टोकावर लाल दिवा बसवला गेला आणि फाईल बंद झाली.

गावाचं मात्र सोनं झालं. घराघरावर मजले चढले, अधिकाऱ्यांना खोल्या भाड्यानं गेल्या, एका रस्त्यावर चार लॉन्ड्र्या निघाल्या. दादाची नेमणूक तळावरच झाली. रोज सातला तो तीन खुणा बघून विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या मनोऱ्यावर फोन करायचा. पहिल्याच थंडीत हवाई दलाच्या लक्षात आलं की इथं सकाळी उतरता येत नाही. त्यांनी गाजावाजा न करता सगळी उड्डाणं दहानंतर ठेवली. गोषवारा बिनचूक ठरला. दादानं तो पुन्हा कधी पाहिला नाही.

तळाच्या सहाव्या वर्षी निवडणूक लागली. मंत्री आठ वाजता तळावर येणार होते आणि त्यांच्या मागे फोटोत एक मोठं मालवाहू विमान हवं होतं. ते सातच्या पुढे उतरायचं ठरलं. सातला दादानं फोन केला.

"टाकी दिसते. चिमणी दिसत नाही."

"तुमची चिमणी रोजच दिसत नाही," मनोऱ्यावरचा अधिकारी म्हणाला. "साहेब आठला येतायत. त्यांना विमान दिसायला हवं."

"विमानाला चिमणी दिसायला हवी," दादा म्हणाला.

सात वाजून वीस मिनिटांनी विमानानं चिमणीचा वरचा तिसरा भाग उडवला आणि ते माळावर पडलं. आत नऊ जण होते. मी घरी केस विंचरत होते. आवाज फार मोठा नव्हता, लांब कुठंतरी पोतं आपटावं तसा. मंत्री आठला आलेच. फोटोही निघाले.

हवाई दलाला तळ हलवायची ही संधी होती. पण धुकं मान्य केलं की तळ गेला, तळ गेला की मतं गेली, आणि गावाच्या खोल्या, लॉन्ड्र्या सगळंच गेलं. त्यामुळे धुकं नव्हतं असं ठरलं. म्हणजे मग चुकला माणूस.

चौकशी समिती तळाच्या सभागृहात बसली. लघुलेखनात माझा हात चांगला म्हणून जबान्या उतरवायला मला बसवलं. दादाच्या रोजच्या वह्या संरक्षणाची गुप्त बाब म्हणून समितीपुढे आल्या नाहीत. आला तो गोषवारा.

"ही सही तुमची?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी."

"वर्षातले अकराच दिवस सकाळी चिमणी दिसत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. म्हणजे त्या दिवशीचं धुकं दुर्मिळ होतं."

"रोजचं होतं, साहेब."

"मग हे काय आहे?"

दादानं कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. रकान्यावरून बोट फिरवलं.

"हे दहाचे आकडे आहेत."

"दहाचे? असं कुठं लिहिलंय? इथं सकाळ लिहिलंय."

दादानं कागद परत टेबलावर ठेवला.

"इतकी दुर्मिळ गोष्ट तुम्ही रोजच्यासारखी फोनवर सांगून मोकळे झालात. मनोऱ्यावर धावत गेलात?"

"नाही."

"हा गोषवारा टाइप कुणी केला?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत होते. उत्तर उतरवायचं होतं ना.

"आठवत नाही," दादा म्हणाला.

मी 'आठवत नाही' असं लिहिलं.

त्या संध्याकाळी त्यानं घरी एकच विचारलं, "ते ताशी कागद कुठं गेले?"

"मऊसाहेबांनी जाळले. माझ्यासमोर."

"तुला धमकावलं असेल."

"हो."

"जाऊ दे, चिमणे. तुझी नोकरी तरी राहिली."

त्याची गेली. मनोऱ्यावरच्या अधिकाऱ्याला फोन आल्याचं आठवत नव्हतं, त्याची बढती झाली. दादाचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. किराणावाला त्याला बघून म्हणायचा, "आले धुकंसाहेब, दिवे लावा रे." सगळे हसायचे. हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या वरच्या मजल्यावर एकेक अधिकारी राहत होता. तळ राहिला, मंत्री निवडून आले. दादा माझ्याकडे राहायला आला, कारण दुसरं कुणी त्याला खोली देईना.

आमचं घर गावाच्या टोकाला होतं. गच्चीतून त्याच तीन खुणा दिसायच्या, चिमणी आता थुटकी होती एवढंच. दादा रोज सातला गच्चीवर जायचा आणि खाली येऊन चहा घेताना मला सांगायचा. "टाकी दिसते. चिमणी दिसत नाही." किंवा "सगळं दिसतं." मी "बरं" म्हणायचे. चौदा वर्षं असं चाललं, आणि खरं सांगायचं तर मी सुखात होते. माझ्या हातचा चहा त्याला आवडायचा.

मग सरकार बदललं. नव्या सरकारची मतं पठारावर होती, म्हणून आता पठार आवडू लागलं. मऊसाहेब होते तिथंच होते, फक्त मंत्री दुसरे होते. ते पुन्हा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. आता माझं टेबल मोठं होतं.

"बाई, इथं धुकं पहिल्यापासून होतं, याचा पुरावा हवाय."

"मूळ कागद तुम्हीच नेले होते."

"म्हणून तर विचारतोय. तुम्ही कार्बन ठेवणाऱ्यातल्या."

"कशावरून?"

"मी पण ठेवणाऱ्यातलाच. फक्त आपल्याला अडचणीचं ते नाही ठेवत."

मी म्हटलं, "दादाचं नाव धुऊन निघेल?"

"अहो, त्यासाठीच तर मागतोय," ते मऊ आवाजात म्हणाले.

दादा वाचनालयात गेलेला असताना मी ट्रंक ओढली आणि कार्बन प्रत काढून दिली. त्या रात्री मला शांत झोप लागली. बावीस वर्षांनी का होईना, मी दादासाठी काहीतरी केलं होतं.

नव्या सरकारच्या समितीचा अहवाल छापून आला. तळ बंद करून पठारावर हलवावा, अशी शिफारस होती. दादानं वाचनालयातून प्रत घरी आणली आणि टेबलावर पसरली. मी इस्त्री करत होते. तो मोठ्यानं वाचू लागला.

"'ताशी नोंदी स्वतः केलेल्या असूनही निरीक्षकाने दिशाभूल करणाऱ्या गोषवाऱ्यावर बारा ठिकाणी सह्या केल्या. म्हणजे धुके लपवण्यात त्याचा जाणीवपूर्वक हात होता. नऊ मृत्यूंबाबत पूर्वी निश्चित झालेली त्याची जबाबदारी कायम राहते.'"

त्यानं पान उलटलं. पुरावा म्हणून एका कागदाचं छायाचित्र छापलं होतं. माझ्या मशीनवरचा कागद, 'चिमणी दिसत नाही' अशा सव्वीस ओळी, आणि प्रत्येक ओळीतला 'च' वर उडालेला.

"हे जाळले होते ना?" दादानं विचारलं.

मी इस्त्री उभी केली.

"किती वर्षं होते तुझ्याकडे?"

"बावीस."

"कुठं?"

"ट्रंकेत."

"कुठल्या?"

"तुझ्या पलंगाखालच्या."

त्यानं अहवालाची घडी घातली आणि वाचनालयाची मुदत कधी संपते ते मागच्या पानावर बघितलं. रात्री जेवला, नेहमीएवढाच.

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. मी आतून, खिडकीतूनच चिमणीचं थुटूक बघितलं होतं, वीट न् वीट मोजता आली असती. दादा गच्चीवरून खाली आला. मी चहाचा कप घेऊन पुढे झाले. तो माझ्यासमोर उभा राहिला, हातभर अंतरावर, आणि माझ्या चेहऱ्यावर नजर रोखून म्हणाला,

"टाकी दिसते. टेकडी दिसते. चिमणी दिसत नाही."

पाच किलोमीटरवरचं दिसतं आणि दोनवरचं दिसत नाही, अशी नोंद त्याच्या हातून आजवर झाली नव्हती. मी कप टेबलावर ठेवून बाजूला झाले, तेव्हा त्यानं तो उचलला.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा घेत. सकाळी सातची नोंद त्यानं एक दिवसही चुकवली नाही, आणि ती एकदाही बदलली नाही.