अर्धवट वाळलेला पाला

मी मनिसोबा, चिकाचं झाड, बोलतेय. ब्राझीलच्या पियावी प्रांतातल्या कोरड्या डोंगरात वाढलेली, काटक, रानटी. उपवासाला तुम्ही ज्या कंदाचा साबुदाणा खाता, तो माझ्या चुलत बहिणीचा. ती घरोघरी लाडावली, मी रानात राहिले. माझ्या अंगात पांढरा चीक आहे आणि पाल्यात विष. दोन्हींपायी इथे रक्त सांडलंय, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्मच आदळआपट करत झाला. भर उन्हात आईचं बोंड फाडकन फुटलं आणि मी बी होऊन खडकावर आपटले. तिथेच सुकून गेले असते, पण फिलोमेनाने मला उचलून फडक्यात बांधलं. ती आणि तिचा नवरा बेलार्मिनो डोंगराच्या पायथ्याशी आमची लागवड करू पाहत होते. येणारेजाणारे हसायचे.

"रानातलं झुडूप कुणी पेरतं का रे? उद्या कोल्हे पाळशील."

"कोल्हा चीक देत असेल तर तोही पाळीन," असं म्हणत बेलार्मिनो माझं टोक दगडावर घासत बसायचा. माझं कवच इतकं टणक, की घासल्याशिवाय मला कोंब फोडायची इच्छाच होत नाही.

मी वाढले तसा तो माझ्या बुडाशी लहानसा खड्डा खणून चिकणमातीने सारवायचा आणि मुळावर सुरीने चीर द्यायचा. चीक खड्ड्यात उतरायचा, घट्ट व्हायचा, तेच रबर. दुखायचं, खोटं कशाला बोलू. पण पहिली जखम भरल्याशिवाय तो दुसरी चीर देत नसे. बाकीचे चीकवाले झाडाला मरेस्तोवर पिळायचे. फिलोमेना माझा पाला खडकावर वाळत घालायची, मुठीत कुस्करला की चुरा होईपर्यंत. मगच तो गाईपुढे टाकायची. पुरता वाळला की तो चारा, नुसता कोमेजलेला असला की मरण.

जमीनदार ओनोरियोला सगळं रबर आपल्याच गोदामात हवं होतं. बेलार्मिनो ते परस्पर फिरत्या व्यापाऱ्याला विकायचा. म्हणून एका सकाळी मुकादम कासियानो बंदूकवाले घेऊन आला. हा समुद्राकाठच्या उसाच्या मुलखातला, आमच्या रानात नवा.

"जागा सोड," तो म्हणाला.

"झाडं मी लावलीत. कुठे जाऊ?"

"मग झाडंच नकोत. प्रश्न मिटला."

त्याच्या माणसाने माझ्यावर कोयता उगारला. बेलार्मिनोने त्याचं मनगट धरलं, आणि कासियानोने जवळून त्याच्या छातीत गोळी घातली. तो माझ्या खोडाला धरून खाली घसरला. फिलोमेना धावली तर तिला बंदुकीच्या दस्त्याने पाडलं. मग त्यांनी आम्हां सगळ्यांना बुडापासून छाटलं आणि कुंपण मोडून टाकलं.

प्रेत पुरू दिलं नाही. "दोन दिवस दिसू दे लोकांना," म्हणून कासियानोने पहारा बसवला. फिलोमेना उन्हात नवऱ्याच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली होती. आजूबाजूला माझा पाला कोमेजत होता.

दुसऱ्या दिवशी कासियानोला वाटलं, एवढा पाला वाया का घालवायचा? फिलोमेनाची गाय हाच पाला खाताना त्याने पाहिली होती. दुष्काळात भुकेली झालेली जमीनदाराची गुरं त्याने आणवली. त्यांचा गुराखी दामियान हा फिलोमेनाचा सख्खा भाऊ. बहिणीपुढचं प्रेत बघून तो जागीच थिजला. तरी गुरं अडवून तो म्हणाला, "मुकादम, हा अजून वाळला नाही. मरतील सगळी."

फिलोमेना गप्प राहिली असती तर जमीनदाराचा गोठा रिकामा झाला असता. तिच्या डोळ्यांत ते मला दिसलं. पण गुरं मेली तर जाब गुराख्यालाच द्यावा लागणार होता.

"दादाचं ऐक," ती म्हणाली. "अर्धवट वाळलेला पाला विष असतो."

"नवरा गेला तरी हिची चाऱ्याची हाव बघा," कासियानो हसला आणि गुरं आत हाकली.

मला थांबता येत नाही. दात लागले की माझं विष सुटतंच. गुरं धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, पाय झाडत एकावर एक कोसळली. जमीनदाराच्या भीतीने बंदूकवाले पळाले. कासियानोने फिलोमेनावर नेम धरला.

"चेटकिणी, तू केलंस हे."

दामियानच्या हातात गुरं हाकायची लांब पराणी होती. तिचं लोखंडी टोक कासियानोच्या गळ्यातून आरपार गेलं.

दूरवर जमीनदाराच्या घोड्यांची धूळ उठली होती. बहीणभावाने कोयत्याने आणि नखांनी माझ्याच बुडाशी खणलं.

"दादा, पाय मावत नाहीत यांचे."

"गुडघे दुमड. चल लवकर."

तिने ते हलक्या हाताने दुमडले, झोपलेल्या माणसाचे दुमडावे तसे. माती लोटली आणि दोघं डोंगरात शिरली. पुढे त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. मला फार काळजी वाटते.

मी मात्र मेले नाही. बुंध्यातून पुन्हा फुटलेय, आता चांगली उंच झालेय. रबराचा भाव वाढला की सुरी घेऊन कुणीतरी येईलच. येणाऱ्या बाबा, माझ्या फांद्या तोड, खोड सोलून चीक घे, माझी तक्रार नाही. फक्त मुळाशी खणू नकोस. फार खोल नाही रे तो.