चार ठोके

जेवणाच्या वेळेला खाण खचली. आवाज फार झाला नाही. कुणी जड गादी जमिनीवर टाकावी, तेवढाच. मग भोकातून काळी धूळ आली आणि तिच्या मागून ल्योन्या आणि पेत्रो रांगत बाहेर पडले. ल्योन्याचा एक कान कातडीला लोंबत होता. मकार आला नाही.

आमची खाण म्हणजे बर्चच्या झाडीत पाडलेलं एक तिरपं बीळ. आत तिघे आडवे पडून कोळसा फोडायचे, आंघोळीच्या जुन्या टबात भरायचे, आणि मी वर बसून मोस्कविच गाडीच्या इंजिनावर दोर गुंडाळणाऱ्या विंचनं टब ओढून घ्यायचो. त्याआधी सव्वीस वर्षं मी सरकारी खाणीच्या क्लबात ग्रंथपाल होतो. ती खाण बंद झाली, माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेवटचा शिक्का बसला. ही खाण चोरटी, इथे पुस्तकही नव्हतं आणि शिक्काही; पण गावात दुसरं कामच नव्हतं.

मालक झखार जीपमधून उतरला. पूर्वी तो बाजारात डुकराचं मांस विकायचा. जमिनीखाली कधीच गेलेला नव्हता.

"आत कोण राहिलं?"

"मकार," पेत्रो म्हणाला.

"मेला म्हणायचा. बुलडोझर बोलव, तोंड बुजवून टाकू."

"मालक, एकदा बघू तरी..."

"काय बघायचंय? उद्या तपासणीवाले येतायत, त्यांना प्रेत दाखवू? मकार मॉस्कोला कामाला गेला. निम्मं गाव तिकडेच आहे, पत्र कोण पाठवतंय? त्याच्या बायकोला दर हिवाळ्यात कोळसा देईन. मी काय राक्षस आहे?"

पेत्रोनं मान खाली घातली. तेवढ्यात आत हवा नेणाऱ्या पाइपवर ठोके पडले. चार.

माझ्या कानांवर माझा विश्वास नाही. तसा तो कशावरच नाही. पण पुन्हा पडले. चार.

"मकार आहे," मी म्हणालो. बहुधा फार हळू म्हणालो, कारण दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"दगड पडतायत, आजोबा," झखार म्हणाला. "तुम्ही पुस्तकं वाचा."

एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे सोड. आमच्या बिळात एवढंच चालायचं. चौथा संकेत सरकारी खाणीतला: टबात माणूस आहे, हळू ओढ. क्लबात माझ्या टेबलासमोर त्या संकेतांची पाटी टांगलेली होती. मकार पुस्तक बदलायला यायचा तेव्हा तिच्याखाली उभा राहायचा. आता विंचवर कोण बसलंय हे त्याला ठाऊक होतं. तो मलाच सांगत होता.

मी इंजिन चालू केलं. दोर दगडांखाली गेला होता, पण हलत होता.

"बंद करा!" झखार ओरडला. "उरलेले खांब येतील खाली!"

येतीलही, मला वाटलं. मीच त्याला मारतोय की काय, असंही वाटलं. पण चार म्हणजे हळू ओढ. म्हणून मी हळू ओढत राहिलो.

झखारनं जीपमधून लोखंडी पाना आणला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा विंचच्या दांड्यावरच्या बोटांवर. बोटं मोडल्याचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला, वाळकी फांदी मोडावी तसा. दांडा सोडला असता तर टब सुटून परत खाली गेला असता. मी त्यावर छातीनं ओणवा झालो. तिसरा घाव डोक्यात बसला आणि डोळ्यांत रक्त उतरलं. त्यामुळे पुढचं मला नीट दिसलं नाही.

टब वर आला. त्यात मकार होता, कोळशाइतकाच काळा. डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग भलत्याच दिशेला वळला होता, आणि हातात हातोडी तशीच होती.

"किती वेळ लावलात, आजोबा," तो म्हणाला आणि ओकला.

मग पेत्रोनं फावडं उचललं. ल्योन्या कान हातात धरून आला आणि दुसऱ्या हातानं झखारला मारू लागला. झखार पडल्यावरही ते थांबले नाहीत. पोटात, तोंडावर, फावड्याच्या पात्यानं. मी "पुरे" म्हणालो. वाचनालयात म्हणायचो तसंच म्हणालो असेन. कुणी ऐकलं नाही. पेत्रो दमला तेव्हाच थांबला.

गाडी एकच होती, झखारची. त्याचं नाक फुटलं होतं, दात गेले होते, तरी चालवली त्यानंच. दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मागे मकार किंचाळत होता. शुद्ध गेली तेव्हा तो शांत झाला.

दवाखान्यात नर्सनं आम्हा पाच जणांकडे पाहिलं. तोवर मकार शुद्धीवर आला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"घराचं छप्पर दुरुस्त करत होतो," मकार म्हणाला. "पडलो."

"आणि हे?"

"मी पण," ल्योन्या म्हणाला. झखारनंही मान हलवली.

"सगळे एकाच छपरावरून पडलात?"

"मोठं छप्पर होतं, ताई," मकार म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. कदाचित मीच तेवढा खरं सांगेन, असं तिला वाटलं असावं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी मकारकडे पाहिलं. त्यानं स्ट्रेचरच्या लोखंडी कडेवर बोटानं एकदाच ठोकलं.

एक म्हणजे थांब.

"मी खाली उभा होतो," मी म्हणालो. "माझ्या अंगावर पडले."

तिनं फॉर्म भरला. कामाचं ठिकाण तिनं विचारलंही नाही. त्या रकान्यात रेघ मारली आणि मकारला पाय कापायला आत नेलं.