साधनाने झटकलेला पारा

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, काचेचा आणि पाऱ्याचा. मला खोटं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या मापाला कोणी नावं ठेवली, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काच तापवून मला घडवलं, पोटात पारा भरला, अंगावर रेघा कोरल्या. पुढची कितीतरी वर्षं मी धारणीकडच्या मिशनच्या दवाखान्यात काढली. हिवतापानं फणफणलेली पोरं जीपमधून यायची आणि सिस्टर ग्रेस आधी मला शोधायच्या. "हा म्हणेल ते खरं," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. माझी छाती कशी फुगायची! मग बॅटरीवर टूं-टूं वाजणारे ते दीडशहाणे थर्मामीटर आले आणि मी खणात जाऊन पडलो. सिस्टरांची बदली अकोल्याला झाली, तेव्हा त्यांच्या पिशवीच्या तळाशी मीही आलो. तिथंही मला कोणी विचारेना.

एके दिवशी जठारपेठेतली साधना त्यांच्याकडे आली. तिचा नवरा विन्सेंट एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक. पदरी दोन मुली. दुसरीच्या वेळी साधना मरता मरता वाचली होती. हृदयाची झडप कमजोर. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "तिसरं बाळंतपण जिवावर बेतेल. दोघांपैकी कोणीतरी ऑपरेशन करून घ्या."

पण हे कॅथलिक घर. मूल होऊ नये म्हणून ऑपरेशन करणं किंवा गोळ्या घेणं त्यांच्या चर्चला मान्य नाही. देवानं शरीराला लावून दिलेला क्रम ओळखावा आणि त्याप्रमाणे संयम पाळावा, हे मान्य आहे. विन्सेंट ऑपरेशनला तयार होता. साधनाच म्हणाली, "देवाची वाट सोडाची नाई. आपन संयमानंच राहू."

सिस्टरांनी मला तिच्या हाती दिलं आणि रीत समजावली. सकाळी उठण्याआधी मला तोंडात धरायचं. महिन्यात एका टप्प्यावर बाईच्या अंगाची उष्णता किंचित चढते. ती लागोपाठ काही सकाळी चढलेलीच राहिली आणि बाकीच्या खुणाही जुळल्या, की मग मूल राहण्याची भीती सहसा नसते. तोवर नवरा-बायकोनं दूर राहायचं.

पुन्हा काम मिळालं! मी तर हरखूनच गेलो. पहिला महिना ठीक गेला. पुढच्या महिन्यात मात्र भलतंच घडलं. पारा चढला, मी बरोबर दाखवला. साधनानं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पाठ वळवली, मला हलकाच झटका दिला आणि पारा खाली आणून नवऱ्यापुढे धरला.

"खालीच हाय, अजून दूरच राहा लागन," ती म्हणाली.

अरे देवा! माझ्या तोंडून खोटं वदवलं! दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच. महिना गेला, पुढचाही गेला. विन्सेंट चहाची कपबशी आदळायचा. जेवताना मुलींवर खेकसायचा. मुली आईकडे पाहायच्या आणि आई ताटाकडे. घर नुसतं ताणलेलं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला कुठलं तोंड!

शेवटी तो वैतागला. "उनानं बिघडला असन हा," म्हणत त्यानं मला खिशात टाकलं आणि सिस्टरांकडे नेलं. अहो, अकोल्याचं ऊन पारा चढवतं, उतरवत नाही! मेकॅनिक असून एवढं कळू नये?

सिस्टर ग्रेसनी मला स्वतःच्या तोंडात धरलं, मग त्यांच्याकडच्या नव्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. "हा तर अगदी बरोबर आहे, विन्सेंट," त्या म्हणाल्या. माझा मान राहिला, पण मला आनंद झाला नाही. परतीच्या वाटेवर खिशातून मला त्याच्या छातीची धडधड ऐकू येत होती. साधना खोटं बोलते, हे आता त्याला कळलं होतं.

घरी साधना कणीक मळत होती. मुली शेजारी खेळायला गेल्या होत्या. त्यानं मला तिच्यासमोर धरलं.

"हा बरोबर हाय. सिस्टरनं पाह्यलं."

तिचे हात थांबले. "मंग मीच खोटी."

"काऊन केलं असं? मी का जनावर हावो?"

"मले भेव वाटते हो!" ती एकदम फुटली. "पारा चढला दिसला का वाटते, चुकलं त? दिवस राह्यले त? मी मेली त पोरी कोन पाहीन?"

"मंग मले सांगाचं नाई?"

"कोन्त्या तोंडानं सांगू? देवाची वाट मीच धराले लावली तुमाले."

विन्सेंटनं हात उगारला. हातात मी होतो, समोर भिंत. संपलो, मला वाटलं. मग हात खाली आला आणि त्यानं मला तिच्या कणकेच्या हातात ठेवलं.

"उद्यापासून मी याच्याकडं पाहनार नाई," तो म्हणाला. "तू थांबा म्हनशीन, त थांबीन. वरीसभर म्हनली तरी."

ती रडली, मग तोही रडला. मी कणकेनं बरबटलो होतो, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या सकाळी पारा चढलेला होता. विन्सेंट भिंतीकडे तोंड करून पडला होता. साधनानं मला झटकलं नाही.

"चढला हाय," ती हळूच म्हणाली. "पन मले अजून भेव वाटते."

"मंग थांबू," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

मित्रांनो, मला जपा. काच नाजूक असते आणि पारा सांडला तर विषारी असतो. पण त्याहून मोठी विनंती अशी: मी ताप मोजतो. भीती मोजायची रेघ माझ्या अंगावर कोणी कोरलेली नाही. ती जवळ बसून विचारावी लागते.