मोटारीच्या कुलपाला दिलेला शब्द

बाबांच्या अस्थी मोटारीत अडकल्या. त्या सकाळी फाटकाशी जो येईल त्याला मी हे सांगत होतो आणि जो तो विचारत होता, "म्हणजे?" म्हणजे अडकल्या. याहून सोपं करून सांगता येत नव्हतं.

अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात. अमरावतीच्या आमच्या घरापुढे निंब आहे, पण त्यावर वांदरांचा मुक्काम. बाबांचे थोरले भाऊ वामनराव, म्हणजे माझे मोठेबाबा, अकोल्याहून आले होते. त्यांनी वर वांदरांकडे पाहिलं, वांदरांनी खाली त्यांच्याकडे पाहिलं, आणि ठरलं की मडकं मोटारीत ठेवायचं. मोटार अंगणात, म्हणजे घरात नाही. तिला कुलूप, म्हणजे वांदरांची भीती नाही. शास्त्र आणि वांदरं दोघंही गप्प झाली.

मी बाबांना मागच्या गादीवर ठेवलं, काचा वर केल्या आणि कुलूप लावलं. जिवंतपणी त्यांनी मला त्या मोटारीत एकट्याला कधी बसू दिलं नव्हतं. कुलूप लावताना मला काही वाटलं नाही. ते गेल्यापासून काहीच वाटत नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही हेही शेजारच्या पाटावरच्याला विचारावं लागे.

सकाळी अस्थी सोडायला कौंडण्यपूरला वर्धा नदीवर जायचं होतं. चावी आत गेली आणि फिरेना.

मोटार जुनी, रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परतताना विकून टाकलेली. बाकीची दारं आतून लागतात. बाहेरून चावी लागते ती फक्त चालवणाऱ्याच्या दाराला.

"जोर लाव," मोठेबाबा म्हणाले.

"चावी तुटंल."

"मंग काच फोड."

मी दगड उचलला, तसे तेच ओरडले, "अबे, काय करून राहिला! माह्या भावाच्या अंगावर काचा पाडतं काय?"

मी दगड ठेवला. बाबांना लागलं असतं असं माझं मत नव्हतं, पण मत विचारलं नव्हतं.

आई ओसरीच्या दाराआड उभी होती. तिचंही मत कोणी विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी मोठेबाबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की तेरवी झाली की हे घर बंद करायचं आणि मायलेकांनी अकोल्याला यायचं. अकोल्यात तिच्या वाट्याला काय येणार ते तिला ठाऊक होतं: मोठ्या जावेच्या चुलीपुढचा पाट, तोही जाऊ म्हणेल तेव्हा. इथे विहीर तिची, वांग्यांचा वाफा तिचा, भांडायला शेजारीणसुद्धा स्वतःची. रात्री ताट वाढताना ती मला म्हणाली होती, "मले नाही जायचं रे. पन सांगू कोनाले?" मोठेबाबा तिचे भासरे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्यासमोर बोललेली नाही. पदर पुढे ओढून बाजूला होते, तेवढाच दोघांचा संवाद. तिच्या वतीनं मी सांगून पाहिलं. मोठेबाबा म्हणाले, "तू पयले इंटर पास हो."

चावी काढून मी हुंगली. जवसाचं तेल. मग उलगडा झाला. दर दसऱ्याला बाबा मोटारीची पूजा करायचे; कुंकू, झेंडू, आपट्याचं पान, आणि शेवटी चावीच्या भोकात चमचाभर घरच्या जवसाचं तेल. निवद म्हणून नव्हे, देखभाल म्हणून. सुतार पाटाला जवसाचं तेल लावतो ते वाळून कडक होतं म्हणूनच, हे बाबांना कोणी सांगितलं नसावं. इतक्या दसऱ्यांचं तेल कुलपात थरावर थर वाळलं होतं. साध्या शब्दांत, बाबांनी कुलपाला आतून वार्निश केलं होतं.

मी कंदिलातलं घासलेट वाटीत घेतलं, कोंबडीच्या पिसानं थेंब थेंब भोकात सोडलं, आणि चावी आत घालून इवलीशी डावीउजवी हलवत बसलो. घासलेटाला मुरायला वेळ द्यावा लागतो. वेळ माझ्याकडे होता.

तेवढ्यात शेजारचे नत्थुजी आले. ते गावातल्या प्रत्येक दहाव्याला घाटावर हजर असतात, कोणाचाही असो. त्यांनी कुलूप पाहिलं, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वामनराव, हे कुलूप नाही. कावळा शिवत नाही ना पिंडाले, हे तेच आहे. तुमच्या भगवंतरावाचा जीव कशात तरी गुतला."

"मोटारीत?" मी विचारलं.

"तू चूप बस. वामनराव, शब्द द्या त्याले."

मोठेबाबांनी खरंच टोपी काढली आणि दाराच्या मुठीपुढे हात जोडले. "भगवंता, तेरवीले बुंदी करतो."

चावी हलली नाही.

"तुह्या पोराले इंटर पास करतो."

हे कावळ्याच्याही हातात नव्हतं. चावी हलली नाही.

"तुह्या बायकोले अन् पोराले अकोल्याले नेतो. पोटच्यासारखं सांभाळतो, भगवंता..."

याच वाक्यात कुठेतरी चावी माझ्या बोटांत सैल झाली. आत काहीतरी सुटलं. कोणाला दिसण्याइतकं नाही. आता नुसती फिरवायची होती. मी ती तशीच धरून ठेवली. विचार करून नव्हे. विचार करायला आधी काहीतरी वाटावं लागतं. बोटांनी परस्पर ठरवलं.

"नाही," मी म्हणालो. "अकोल्याचं नाव काढलं अन् चावी उलट घट्ट झाली."

"घट्ट?" मोठेबाबा मागे सरकले. "अकोल्यानं काय केलं त्याचं? जन्म अकोल्याचा आहे त्याचा!"

"म्हनून तं निंगून आला असंल," नत्थुजी म्हणाले.

ओसरीत बांगड्या वाजल्या. आई पायऱ्या उतरून आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. भासऱ्यांकडे पाठ करून ती मोटारीपुढे उभी राहिली आणि काचेतून मागच्या गादीकडे पाहत म्हणाली, "अवो, मी नाही जात अकोल्याले. अठीच राहीन. तुमी जा आता."

ती भासऱ्यांशी बोललीच नव्हती. नवऱ्याशी बोलली होती, आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मी चावी धरून होतो. हात अवघडला.

"तिनं सांगून नाही भागत," नत्थुजी हळूच म्हणाले. "मोठ्या भावाचा शब्द लागते."

मोठेबाबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. निंबाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. मग कुलपाकडे पाहून म्हणाले, "राहू दे तिले अठीच. दिला शब्द."

मी चावी फिरवली. खट् झालं. नत्थुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आई मात्र माझ्या बोटांकडे पाहत होती, मग आत गेली आणि हात पुसायला फडकं आणून दिलं. निघण्याआधी मी पेन्सिलीचं शिसं खरवडून चावीला चोळलं आणि कुलपात आतबाहेर केली. आता ते लोण्यासारखं फिरत होतं.

कौंडण्यपूरच्या रस्त्यानं मी मोटार चालवत होतो, मोठेबाबा माझ्या शेजारी बसले होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला.

"तुह्या मायले सांग," ते म्हणाले, "दिवाळीले तरी अकोल्याले येत जाय."

"सांगतो."

"पयले कुलपाले इचारून घेजो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. एरवी मी हसलो असतो. एवढ्यात मोटारीनं गचका खाल्ला. मडकं सावरायला त्यांनी हात मागे टाकला, आणि तो हात नदी येईपर्यंत मडक्यावरच राहिला.