खर्जाचे दिवस

ठाण्याच्या कोपरीत प्रमोदिनीताई खांडेकरांच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी जे मंडळ जमतं, त्याला नाव नाही. नाव ठेवायला सभा घ्यावी लागली असती, सभेला अध्यक्ष लागला असता आणि अध्यक्षांनी भाषण केलं असतं. भाषणं टळावीत म्हणूनच तर ही माणसं गाणं ऐकायला जमतात.

नियम मात्र आहेत. पाळी येईल त्याने सध्या आपण घरी काय ऐकतोय ते घेऊन यायचं. एलपी असो, कॅसेट असो, सीडी असो, नाहीतर मोबाइलमध्ये असो; अल्बम अख्खा हवा, सुटं गाणं चालत नाही. आधी ऐकवायचं आणि मग सांगायचं, का ऐकतोय. ‘छान आहे म्हणून’ हे कारण धरलं जात नाही. ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ आणि ‘माझ्याकडे शब्दच नाहीत’ असं म्हणणाऱ्याने सगळ्यांचे कप विसळायचे. शब्द नसतील तर हात आहेत, असं प्रमोदिनीताईंचं म्हणणं. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. कारणाशिवाय साधा वारासुद्धा वाहत नाही, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

भाऊ पटवर्धन या मंडळात डोंबिवलीहून येत. नोकरी त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात केली, प्रेसशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून. पत्र्याचे तुकडे ठोकून त्यांचे भाग करणारी यंत्रं दिवसभर धडाडत असत आणि त्या धडधडाटात उभे राहून भाऊ मनातल्या मनात यमन आळवत. यंत्रांनी ते लक्षात ठेवलं असावं. कारण निवृत्तीनंतर, आता कुठे निवांत ऐकू म्हणेपर्यंत, भाऊंचे कान निघाले.

कान एकदम जात नाहीत. घर सोडणाऱ्या भाडेकरूसारखे एकेक सामान हलवतात. आधी टाळ गेले. मग सारंगीतलं वरचं वरचं गेलं. मग गाणारी बाई तार सप्तकात शिरली की भाऊंच्या लेखी ती घराबाहेर पडायची. खाली आली की पुन्हा भेट.

“डॉक्टरकडे चला,” हेमांगीवहिनी घरी म्हणत.

“कशाला? तुझं सगळं ऐकू येतं मला.”

“आलं असतं तर एव्हाना गेला असतात.”

डॉक्टर परवडला असता. पण डॉक्टरने कागदावर लिहून दिलं असतं, आणि लिहिलेली गोष्ट मंडळापासून लपवणं भाऊंच्या तत्त्वात बसत नव्हतं. न लिहिलेली लपवणं बसत होतं. मंडळात यायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. कान तेवढे लागतात. मागे एक सद्गृहस्थ येत, ते आलाप सुरू झाला की घोरत. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या खुर्चीत मनीप्लँटची कुंडी होती, एवढंच. भाऊंची खुर्ची त्या कुंडीच्या शेजारी. अलीकडे ते कुंडीकडे जरा जास्तच बघू लागले होते.

तेव्हा भाऊंनी एक पद्धत बसवली. महिपतराव घाडींची मान डोलली की आपली डोलवायची. कळव्याचे महिपतराव परिवहनात कंडक्टर होते; भजनी मंडळात वाढलेला माणूस, त्यांची मान सहसा चुकत नसे. ऋजुताने डोळे मिटले की मिटायचे. ऋजुता मंडळात सर्वांत लहान, म्हणजे पस्तिशीची, कॉम्प्युटरवाली. आणि प्रमोदिनीताईंनी सुस्कारा सोडला की समजायचं, गाणाऱ्या बाई वर जाऊन पोचल्या.

या पद्धतीवर फार दिवस निभलं नसतं. पण त्याच सुमारास नशिबाने हात दिला. मंडळाची आवडच बदलली.

प्रमोदिनीताई जन्मभर अंबुताई निंबरगीकरांच्या भक्त. अंबुताईंचा आवाज असा उंच, की त्यांची एलपी लागली की समोरच्या गॅलरीतली कबुतरं उठत. त्या प्रमोदिनीताई एका रविवारी चक्क धृपदाची एलपी घेऊन बसल्या. पुरुषाचा आवाज, तोही विहिरीच्या तळाशी बसून काढल्यासारखा. “का?” असं रिवाजाप्रमाणे विचारल्यावर म्हणाल्या, “वय झालं. माणसाने आता जरा जमिनीवर यावं.” पुढल्या खेपेला महिपतरावांनी अख्खी कॅसेट नुसत्या पखवाजाची आणली. कारण काय, तर पाठीला बरं वाटतं. ऋजुताने नॉर्वेच्या कुणा माणसाचा चेलोचा अल्बम लावला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला, गंभीर काका. “ऑफिसात फार किरकिर असते, काका. घरी आल्यावर कमी किरकिर करणारं काहीतरी हवं.” मग रुद्रवीणा. मग पुन्हा धृपद.

भाऊंना यातलं सगळं ऐकू येत होतं. पोटात, छातीत, खुर्चीच्या हातात ऐकू येत होतं. घरी जाताना ते हेमांगीवहिनींसाठी सोनचाफा नेऊ लागले. देवावर त्यांचा विश्वास बेताचाच, पण संध्याकाळच्या दिव्यापाशी दोन मिनिटं थांबू लागले. आणि एका रविवारी त्यांनी मंडळाला छोटंसं मार्गदर्शनही केलं. “शेवटी काय,” ते म्हणाले, “खरा ऐकणारा खर्जाकडेच येतो. वरचं सगळं पोरवय.”

मंडळाने ते निमूट ऐकून घेतलं. महिपतरावांना खोकला आला, तेवढाच.

हे असंच चाललं असतं. पण ऋजुताने तिच्या ऑफिसातल्या सुश्रुतला आणलं. कल्याणचा मुलगा, सज्जन, नमस्कार वाकून करणारा. नवीन माणूस म्हणून पहिली पाळी त्याची. ऋजुता चहाला मदत करायला आत होती. बाहेर येऊन बघते तर आलाप सुरू झालेला.

“हे आणलंस?” ती म्हणाली.

“तूच म्हणालीस ना, सध्या ऐकतोस ते आण.”

बासरी होती.

ऋजुताने प्रमोदिनीताईंकडे बघितलं, प्रमोदिनीताईंनी महिपतरावांकडे, आणि महिपतरावांनी पंख्याकडे. भाऊंच्या काही ते लक्षात आलं नाही, कारण आलाप मोठ्या बासरीवर होता, खालच्या अंगाने, गाईच्या हंबरण्यासारखा भरदार. भाऊ खूश होते. मग तबला आला. मग लय वाढली. आणि मग भाऊंना नुसता तबलाच ऐकू येऊ लागला.

त्यांनी वाट पाहिली. ठेका शांतपणे चालला होता. बासरीवाला काही परतेना. भाऊंना भरून आलं. इतका मोठा कलाकार, आणि साथीदाराला एवढी जागा देतो. हे बोलून दाखवलंच पाहिजे असं त्यांना वाटलं. माणसाचा घात बहुतेक वेळा अशा चांगल्या भावनांनीच होतो.

“मोठ्या मनाचा दिसतो हा,” भाऊ म्हणाले. “केव्हाचा गप्प बसून तबलजीला वाजवू देतोय.”

त्या क्षणी बासरी तार सप्तकात लाह्यांसारखी फुटत होती.

“काका, बासरी चालू आहे,” सुश्रुत म्हणाला. त्याला घरातून खरं बोलायची सवय लावलेली होती, आणि मंडळात तो नवीन होता.

“थांबलेली,” महिपतराव म्हणाले. “मी ऐकलंय. थांबलेली ती.”

“श्वास घ्यायला थांबला असेल,” प्रमोदिनीताई म्हणाल्या.

“नेट गेलेलं,” ऋजुता म्हणाली. “मला पण कट झाल्यासारखं वाटलं.”

“पण मी तर डाउनलोड—” सुश्रुतने सुरुवात केली आणि ऋजुताचा चेहरा बघून वाक्य तिथेच ठेवलं.

भाऊ तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. प्रेसशॉपमध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं. एकाच बिघाडाची तीन माणसांनी तीन कारणं सांगितली, की सुपरवायझरने समजायचं असतं: यंत्र ठीक आहे, हे तिघं मिळून चौथ्याला वाचवतायत. अशी तीन-तीन कारणं भाऊंनी कितीदा तरी खरी मानल्यासारखं केलं होतं. चौथा होण्याची वेळ मात्र पहिलीच.

“बंद कर रे जरा ते,” ते सुश्रुतला म्हणाले. आणि मग, “धृपद कधीपासून सुरू झालं आपल्याकडे?”

महिपतराव पुन्हा पंख्याकडे बघू लागले.

“ताई, तुम्हाला विचारतोय.”

“शेजारच्या चित्रेबाईंचा कुकर,” प्रमोदिनीताई शेवटी म्हणाल्या. “थंडीत एकदा अंबुताई लावल्या होत्या, आठवतं? ऐन समेवर शिट्टी झाली. तुम्ही त्या कुकरचे जन्माचे वैरी. दर वेळी भिंतीकडे असं बघता की भिंतीला लाज वाटावी. त्या दिवशी तुम्ही हसत डोलत होतात.”

“म्हणून सगळ्यांनी मिळून...”

“सगळ्यांनी मिळून काय, आम्ही काय कट केला?” महिपतराव म्हणाले. “नुसतं फोनवर ठरलं.”

“आणि कारणं? दर रविवारी का ऐकतोय ते सांगत होतात ती?”

“बनवलेली,” प्रमोदिनीताई म्हणाल्या. त्यांची मान खाली होती. मुलांनी उत्तरं बनवली तर त्या पट्टी काढत. “मला धृपद सोसत नाही, भाऊ. पोटात गोळा येतो. एलपी भाचीकडून मागून आणलेली.”

“त्या नॉर्वेवाल्याला मी झोपलेलो,” महिपतराव म्हणाले. “डोळे उघडे ठेवून. कंडक्टरला जमतं ते.”

“मला ऑफिसात विचारतात, काका, तुझं ब्रेकअप झालंय का,” ऋजुता म्हणाली. “हेडफोनमधून सतत ते ऊंऊं येतं ना बाहेर. म्हटलं, तुमच्यापुढे लावायचं तर आधी नीट ऐकून तर घेऊ.”

भाऊ उठले. त्यांनी टीपॉयवरचे कप एकेक करून उचलले आणि आत जाऊन विसळू लागले. बंदी असलेला एकही शब्द त्यांनी वापरला नव्हता; पण त्या क्षणी त्यांच्याकडे खरोखरच शब्द नव्हते, आणि भाऊ नियमाचे पक्के. शिवाय सिंककडे तोंड करून उभं राहिलं की चेहरा भिंतीलाच दिसतो.

थोड्या वेळाने महिपतराव मागे येऊन उभे राहिले.

“जाणार काय तुम्ही, भाऊ?”

“कुठे?”

“मंडळातून.”

“जायला नको? कान नसलेल्याने इथे बसून करायचं काय?”

“तो मनीप्लँट बसतोच की. त्याला कुठले आलेत कान?” महिपतरावांनी विसळलेला कप घेऊन पुसायला सुरुवात केली. “आणि तुम्ही गेलात तर मी डोलायचं कुणाला दाखवायला? पहिल्यांदाच कोणीतरी माझी मान बघून डोलतंय. आमच्या घरी कुत्रं बघत नाही.”

भाऊंनी नळ बंद केला. म्हणजे तेही माहीत होतं.

त्या आठवड्यात ते हेमांगीवहिनींबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र बसलं. यंत्राने माणसं ऐकू येऊ लागली, रिक्षावाले ऐकू येऊ लागले, स्वतःच्या चपला ऐकू येऊ लागल्या. गाणं मात्र डालड्याच्या डब्यात कोंडल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, सवय होईल, थोडंफार सुधारेल, पण गेलेलं सगळं परत येत नाही. हेमांगीवहिनींनी बाहेर आल्यावर हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. त्यानंतरही सोडला नाही.

पुढच्या रविवारी पाळी भाऊंची. सगळे जरा जपूनच बसले होते, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे. सुश्रुत तर दारापाशी, लागली तर चप्पल जवळ असावी म्हणून. भाऊंनी पिशवीतून एलपी काढून प्रमोदिनीताईंच्या हातात दिली. अंबुताई निंबरगीकर.

“भाऊ, अहो ही...” प्रमोदिनीताई म्हणाल्या.

“लावा.”

“आधी यंत्र तरी नीट बसू दे तुमच्या कानात.”

“यंत्र आत्ताच काढून खिशात ठेवलं. माणसांशी बोलताना लावतो, गाण्याला लावत नाही. लावा तुम्ही.”

“मग का ऐकायची?” ऋजुताने विचारलं. नियमाने हे नंतर विचारायचं, पण कोणी तिला टोकलं नाही.

भाऊंनी कारण येतानाच जुळवून ठेवलं होतं, चांगलं वजनदार वाक्य होतं. ते आता आठवेना. “यातलं अर्धं मला नाही ऐकू यायचं,” ते म्हणाले. “पण ताईंनी हिच्यावाचून सगळी थंडी काढली, माझ्यापायी. तेव्हा ताईंना ऐकताना बघायचंय मला. आणि वरचं जे काही असेल ते तुम्ही सांगा. खोटी कारणं रचता आली, तर खरं सांगता येईलच.”

प्रमोदिनीताईंनी पदराने तबकडी पुसली. ती स्वच्छ होती, पण त्या पुसत राहिल्या. मग सुई टेकवली.

अंबुताई खालून निघाल्या. तिथवर भाऊ बरोबर होते. मग एकेक पायरी चढत त्या निसटल्या, आणि हॉलमध्ये भाऊंपुरता तबला आणि पंखा उरला.

“आता?” भाऊंनी विचारलं.

“वर गेल्या,” प्रमोदिनीताई कुजबुजल्या, मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाल्या, “वर गेल्या. गंधारावर उभ्या आहेत.”

“उभ्या खंय?” महिपतराव म्हणाले. “हलतायत. झोपाळ्यावर बसल्यासारख्या.”

“तो झोपाळा नव्हे, महिपतराव, ते आंदोलन.”

“तेच ते. झोपाळ्याला काय दुसरं करतात?”

“काका, मला तर वाटतं, त्या पतंगासारख्या आहेत,” सुश्रुत दारातून पुढे सरकत म्हणाला. “म्हणजे ढील देतायत.”

“पतंग काय रे? नीट ऐक,” ऋजुता म्हणाली. “उकळतंय ते. दूध वर येतं ना, तसं. आत्ता उतू जाणार.”

“अंबुताईंना दूध म्हणतेस?” प्रमोदिनीताई म्हणाल्या.

भाऊंनी डोळे मिटले नाहीत. ते चौघांचे चेहरे बघत होते. चौघं एकमेकांपुढे हातवारे करत होते आणि त्या भांडणाच्या वर कुठेतरी, भाऊंना न दिसणाऱ्या जागी, एक बाई गात होती. त्यांनी खिशातलं यंत्र काढून कानात घातलं. ही माणसं नीट ऐकू यायला हवी होती.

“मग? गेलं का उतू?” त्यांनी विचारलं.

“थांबा हो,” महिपतराव म्हणाले. “अजून वरच आहेत. आल्या की सांगतो.”