डावीकडचा खोकला

बसा, बसा. ऐकायचं असेल तर नीट ऐका, मध्येच मोबाईल काढायचा नाही. एका खोकल्याची गोष्ट सांगतो. खोकल्यात कसली आलीय गोष्ट, म्हणाल. पण त्या खोकल्यापायी एक माणूस चिरडायचा राहिला.

एक क्रेनवाला होता. यार्डात मोठमोठाले लोखंडी डबे उचलायचा. उंच केबिनमध्ये बसून खालची मुंगीसुद्धा टिपायचा, म्हणून सगळे त्याला घार म्हणायचे. तर ही घार एक दिवस मोटारसायकलवरून पडली. हेल्मेट कुठे? घरी, खिळ्याला! डोक्याला मार लागला, मेंदूत रक्त साकळलं. गडी जगला, चालायला लागला, बोलायला तर आधीपेक्षा जास्तच लागला. पण डावी बाजू गेली. म्हणजे डोळे ठणठणीत, पण डावीकडेही जग आहे हेच मेंदू विसरला. दाढी करायचा ती एकाच गालाची. ताटातलं उजवीकडचं खायचा आणि हात धुवायला उठायचा.

"आज कमीच वाढलंस गं."

बायको गुपचूप ताट फिरवायची. डावीकडचं उजवीकडे.

"अरे, अजून आहे की!" म्हणून हा परत बसायचा.

ही ताट फिरवायची सवय लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथूनच झाला.

दवाखान्यात अशा लोकांसाठी व्हिडिओ गेम बनवणारी एक मुलगी होती. सगळे तिला खेळवाली म्हणायचे. तिनं घारीसाठी मुद्दाम यार्डाचाच खेळ बनवला. समोर भिंतीएवढा पडदा, हातात क्रेनसारखा दांडा. पडद्यावर डबा लोंबकळतोय आणि खालून पिवळ्या टोपीवाली चिमुकली माणसं जातायत, कधी उजवीकडून, कधी डावीकडून. माणूस आला की दांडा सोडायचा, डबा जागच्या जागी थांबतो. नाही सोडला तर भोंगा. भोंगा वाजला म्हणजे खालचा माणूस गेला.

उजवीकडचा एक मरत नव्हता आणि डावीकडचा एक वाचत नव्हता. घार घामाघूम. "बंद करा हा पोरखेळ! माणूस आलाच नाही, भोंगा कसला वाजवता?"

बायको त्याच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायची. एकदा तिला ठसका लागला आणि नेमकी तेव्हाच डावीकडून पिवळी टोपी आली. घार दचकला, दांडा सुटला, डबा थांबला. माणूस वाचला! गड्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तो चेहरा बघून बायको विरघळली. पुढची टोपी डावीकडून आली तेव्हा ती परत खोकली. या खेपेला ठसका नव्हता.

मग काय, चालूच झालं. गुण चढायला लागले. "काका, कमाल केलीत!" खेळवाली म्हणायची.

"घार आहे, घार," हा मिशीवरून हात फिरवायचा. आणि बायकोला, "तू तेवढं खोकल्याचं औषध घे गं. डोकं उठतं माझं."

"खरंच दाखवून घ्या काकू," खेळवाली म्हणायची. "फार दिवस झाले."

बायको मान डोलवायची.

शेवटी चाचणीचा दिवस उजाडला. कंपनीचा डॉक्टर समोर बसून खेळ बघणार होता. पास झाला तर घार परत खऱ्या क्रेनवर. बायकोचा धाकटा भाऊ त्याच यार्डात खाली उभा राहून डब्यांना हूक लावायचा. तोच दोघांना गाडीनं सोडायला आला होता.

"या लवकर दाजी," तो दारातच म्हणाला. "तो नवीन क्रेनवाला आहे ना, सारखं वर बघून मान मोडली माझी. तुम्ही वर असलात की मी वर बघतच नाही."

"बघायचं कशाला? मी आहे ना," घार म्हणाला.

बायको भावाच्या डोक्याकडे बघत राहिली. पिवळी टोपी तर हाही घालतो. आणि तिथे उंच केबिनमध्ये खोकायला कोण बसणार होतं?

खेळ सुरू झाला. उजवीकडून माणूस आला, डबा थांबला. परत उजवीकडून, परत थांबला. डॉक्टरनं खूश होऊन मान हलवली. मग डावीकडून एक टोपी निघाली. बायकोच्या घशात खोकला तयार होता, अगदी दाताशी. तिनं रुमाल तोंडात कोंबला.

भोंगा.

"काय झालं?" घार म्हणाला. "यंत्र बिघडलं का?"

"यंत्र ठीक आहे, काका," खेळवाली म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

परत डावीकडून. बायकोनं डोळे मिटले. भोंगा. घारीच्या कपाळावरून घाम ओघळला. काहीतरी चुकत होतं, काहीतरी नव्हतं, पण काय ते त्याला उमगेना. डबा पुढे सरकत होता. आणि मग त्याची मान हळूहळू वळायला लागली. गंजलेला नळ फिरावा तशी. डावीकडे. अजून डावीकडे.

"अगं... आहेस ना तू?"

बायकोला शोधायला निघालेली नजर वाटेत पडद्याच्या टोकावर पडली. तिथे पिवळी टोपी! त्यानं दांडा सोडला. डबा टोपीच्या डोक्याशी येऊन थांबला.

खेळवालीनं खेळ थांबवला.

"मी खोकत होते," बायको म्हणाली. "इतके दिवस मीच खोकत होते. यांना डावीकडचं दिसत नव्हतं काही."

डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं. खेळवालीला रागच आला आधी, चेहरा लाल झाला. मग ती घारीच्या मानेकडे बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "ही मान आजवर एकदाही वळली नव्हती. तुमचा खोकला द्या मला. खेळात घालते. आधी खेळ खोकेल, मग कमी कमी खोकेल, मग गप्प बसेल."

घार उठला आणि तडक गाडीपर्यंत चालत गेला.

"काय दाजी, पास?" मेव्हण्यानं विचारलं.

"नापास. तुझ्या बहिणीनं केलं." मग दार उघडता उघडता थांबला. "आणि तू रे, वर बघत जा. मान मोडली तरी चालेल."

घरी बायकोनं ताट वाढलं. यानं उजवीकडचा भात संपवला, पाणी प्यायला, उठायला लागला. ती डावीकडे बसली होती. तिचा हात ताटाकडे गेला आणि तिनं तो मांडीखाली दाबून धरला. अबोला तर होताच, त्यामुळे बोलायचाही प्रश्न नव्हता. घार अर्धवट उठलेला तसाच थांबला. मान वळली. ताटाच्या डाव्या काठाला उकडलेलं अंडं होतं.

"हे कधी वाढलंस?"

"मघापासून आहे."

"सांगायचं नाही का, बाई!" असं म्हणून हसलाच तो, आणि खाली बसला.

क्रेनवर तो अजून गेलेला नाही. जाईल की नाही, मला विचारू नका. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी अशा माणसाच्या पंगतीला बसलात, तर त्याच्या डावीकडे बसा. जीव कितीही तुटला तरी ताट फिरवू नका. त्याची मान वळेपर्यंत तेवढा दम धरा.